वडिलांना पक्षाघात, प्रमाणपत्रावर ३५ टक्के आणि ‘संजय गांधी’चा अर्ज परत: आता काय करायचे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. वडील ५४ वर्षांचे, शेतमजुरी करायचे. नऊ महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणे अडखळते. दोन महिन्यांपूर्वी सिव्हिलमधून दिव्यांग प्रमाणपत्र मिळाले, त्यावर अस्थिव्यंग ३५ टक्के असे लिहिले आहे. ते जोडून संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरला, तो तहसीलमधून ‘अपात्र’ म्हणून परत आला. उत्पन्नाचा दाखला ६०,००० रुपयांचा आहे, कारण पुण्यात नोकरी करणारा भाऊ त्यात धरला गेला. आणि एक एजंट सांगतो आहे की १५ हजार द्या, टक्के वाढवून आणतो.

तुम्ही विचारलेत, ‘अर्ज मंजूर व्हावा म्हणून काय करू?’ माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या अलीकडे आहे: अर्ज नेमका कुठे अडला? ही मदत मिळवताना दोन वेगळ्या ठिकाणी निर्णय होतात. सिव्हिलमधले वैद्यकीय मंडळ फक्त टक्के ठरवते, त्याला तुमच्या गरिबीशी देणेघेणे नसते. तहसीलची समिती फक्त पात्रता पाहते, तिला ते टक्के बदलता येत नाहीत. लोक तहसीलमध्ये जाऊन ‘वडिलांना उठताही येत नाही हो’ म्हणून सांगत बसतात आणि हॉस्पिटलमध्ये घरची हलाखी सांगतात. दोन्ही खरे असते, पण दोन्ही चुकीच्या टेबलावर सांगितले जाते. तुमच्या बाबतीत अर्ज दोन्हीकडे अडलेला दिसतो, म्हणून एकेक घेऊ.

आधी टक्के. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत आणि बहुतेक सगळ्या लाभांची सीमा ४० टक्के आहे. ३५ टक्क्यांचे प्रमाणपत्र खोटे किंवा निरुपयोगी नाही, पण या योजनेत दिव्यांग म्हणून ते चालत नाही. आता ही टक्केवारी म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. आजार किती मोठा होता, आयसीयूमध्ये किती दिवस काढले, किती खर्च झाला, यावर ती ठरत नाही. आजारानंतर शरीराच्या कोणत्या कामात किती कमतरता उरली, ते ठरलेल्या तक्त्यांनुसार मोजून काढलेला तो आकडा आहे. त्यामुळे जे तपासलेच गेले नाही, ते मोजलेही जात नाही.

तुमच्या प्रमाणपत्रावर फक्त अस्थिव्यंग आहे. म्हणजे हात आणि पाय पाहिले गेले. पण तुम्हीच लिहिले आहे की बोलणे अडखळते, शब्द आठवत नाहीत, कधी हो म्हणायचे तर नाही म्हणतात. वाचा व भाषा दिव्यांगत्व हा कायद्यातला स्वतंत्र प्रकार आहे. त्याची तपासणी कान-नाक-घसा विभागात, वाचाउपचारतज्ज्ञाकडून होते. ती झाल्याशिवाय हाडांच्या किंवा मेडिसिनच्या डॉक्टरांनी बोलण्याचे टक्के स्वतःहून घालावेत अशी अपेक्षा धरता येत नाही. बहुतेक वेळा यात कुणाचा वाईट हेतू नसतो. केसपेपरवर पहिली तक्रार ‘उजवा हात-पाय चालत नाही’ अशी लिहिली जाते, माणूस त्या टेबलाकडे पाठवला जातो आणि तिथूनच घरी येतो.

दोन दिव्यांगत्वे असली की टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठ्या आकड्याला ‘अ’ आणि लहान आकड्याला ‘ब’ म्हणा. ९० मधून ‘अ’ वजा करा, आलेल्या आकड्याला ‘ब’ने गुणा, ९० ने भागा आणि उत्तर ‘अ’मध्ये मिळवा. समजा हात-पायाचे ३५ आहेत आणि बोलण्याचे २० निघाले. ९० वजा ३५ म्हणजे ५५, गुणिले २० म्हणजे ११००, भागिले ९० म्हणजे सुमारे १२. एकूण ४७. बोलण्याचे २० येतीलच असे मी म्हणत नाही, ते तपासणीवर आहे. पण १० आले तरी याच हिशेबाने एकूण ४१ होतात. म्हणून एजंटला द्यायचे पैसे बाजूला ठेवा आणि राहिलेली तपासणी मागा. तो तुमचा हक्क आहे.

आणखी एक गोष्ट घरीच पाहा. जेवताना वडील ताटाच्या एकाच बाजूचे खातात का? उजवीकडे ठेवलेली चटणी, पाण्याचा तांब्या त्यांना दिसत नाही का? दारातून जाताना उजवा खांदा चौकटीला आपटतो का? पक्षाघातानंतर काही जणांची एका बाजूची नजर जाते. घरच्यांना वाटते, ‘लक्षच नाही त्यांचे’. असे असेल तर नेत्र विभागात दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्या. उगाच नवा आजार शोधत बसू नका, पण असलेला सोडूही नका.

आता मागायचे कसे? प्रमाणपत्राचा निर्णय मान्य नसेल तर त्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येते. तुमचे दोन महिने गेले आहेत, म्हणजे हातात साधारण महिना आहे. म्हणून पुढचे सगळे वाचण्याआधी प्रमाणपत्रावरची तारीख बघा. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात जाऊन अपील कोणाकडे द्यायचे ते विचारा आणि अर्ज साध्या भाषेत लिहा: प्रमाणपत्र क्रमांक, तारीख, दिलेले टक्के, फक्त हात-पायांची तपासणी झाली, वाचा व भाषेची झाली नाही, ती करून एकत्रित टक्के ठरवावेत. एवढेच. ‘आमच्यावर अन्याय झाला’ अशी वाक्ये घालू नका. काय तपासायचे राहिले ते अर्जात स्पष्ट असेल, तर पुढच्या माणसाला काम करता येते. सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही मुदतीत आलात हे कशाने दाखवणार?

फेरतपासणीत टक्के कमीही होऊ शकतात, हे आधीच सांगते. नियमित फिजिओथेरपीने हातात जोर आला असेल तर ३५ चे ३० होतील. तेवढ्यासाठी व्यायाम थांबवू नका. काही घरांत ‘आधी सर्टिफिकेट होऊ दे, मग व्यायाम’ असे चालते. झटक्यानंतरचे पहिले काही महिने सुधारणेला सर्वांत मोलाचे असतात, ते परत मिळत नाहीत.

तपासणीच्या दिवसाची तयारी बहुतेक लोक करत नाहीत आणि तिथेच नुकसान होते. मंडळापुढे गर्दी असते, एका माणसाला मोजकी मिनिटे मिळतात. डॉक्टर विचारतात, ‘काय बाबा, कसं आहे?’ आणि आयुष्यभर कष्ट केलेला माणूस ताठ बसून म्हणतो, ‘बरं आहे साहेब.’ त्याला तक्रार सांगायची लाज वाटते. वडिलांना आधीच समजावून सांगा की इथे बरे आहे म्हणायचे नाही आणि वाढवूनही सांगायचे नाही. जे जमत नाही ते जमत नाही म्हणायचे. बोलता येत नसेल तर तुम्ही सोबत थांबा.

अर्ध्या पानावर रोजच्या कामांची नोंद करून न्या. ‘त्रास होतो’ असे मोघम लिहू नका. उजव्या हाताने सदऱ्याचे बटण लागत नाही. भाकरीचा तुकडा मोडता येत नाही, डाव्या हाताने कालवून खातात. पाण्याने भरलेला पेला उचलला की सांडतो. जमिनीवरून उठायला दुसरा माणूस लागतो. संडासला उकिडवे बसता येत नाही, म्हणून खुर्ची केली आहे. घरातल्या चार जणांची नावे विचारली तर दोनच सांगतात. असे लिहिले की डॉक्टरांना नेमके काय करून पाहायचे ते कळते. आणि लिहिलेले प्रत्येक काम तिथे करून दाखवायला सांगितले जाऊ शकते, हे धरून लिहा. घरी काठी वापरत असतील तर काठी न्या, पायात पट्टा किंवा स्प्लिंट असेल तर तोही. कपडे सैल असू द्या, गुडघा आणि खांदा उघडा करून पाहता आला पाहिजे.

कागद या क्रमाने लावा: वर डिस्चार्ज कार्ड, खाली मेंदूच्या सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट, मग झटक्यापासून आजपर्यंतचे ओपीडीचे कागद तारखेनुसार, फिजिओथेरपीची नोंदवही, शेवटी चालू गोळ्यांची चिठ्ठी. फिल्म नेली नाही तरी चालेल, पण रिपोर्ट हवाच. मधले तीन-चार महिने एकही कागद नसेल तर उपचार थांबले होते असे दिसते. म्हणून गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या घेता, तो केसपेपरसुद्धा टाकून देऊ नका.

मेंदूच्या आजारांत झटक्यानंतर सहा महिने उलटल्यावर मूल्यमापन करतात, कारण तोपर्यंत स्थिती बदलत असते. तुमची तपासणी सातव्या महिन्यात झाली, म्हणजे तो मुद्दा नाही. पण ज्यांच्या घरी आत्ता झटका आला आहे त्यांनी घाईने धावू नये. ‘नंतर या’ म्हणून परत पाठवतात आणि मग उगाच मन खट्टू होते.

नवीन अर्ज करणाऱ्यांसाठीही दोन शब्द. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो आणि त्यातूनच यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते. कार्ड ४० टक्क्यांच्या आत पांढरे, ४० ते ८० च्या आत पिवळे आणि ८० पासून पुढे निळे असते. फॉर्म भरताना तीन गोष्टी स्वतः स्क्रीनवर पाहा. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच आहे ना? मोबाइल नंबर घरातलाच घातला ना? सायबर कॅफेवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो, पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि प्रत्येक वेळी त्याच्या दुकानात जावे लागते. आणि दिव्यांगत्वाचे प्रकार एकापेक्षा जास्त असतील तर सगळे निवडले ना? तुमच्या प्रकरणात बोलण्याची तपासणी राहिली, ती बहुधा इथूनच.

काहींच्या बाबतीत कितीही प्रयत्न केला तरी ४० होत नाहीत, हेही सांगायला हवे. एक डोळा पूर्ण गेला पण दुसरा चांगला असेल तर तक्त्याप्रमाणे ३० टक्के येतात. एक कान ठार बहिरा आणि दुसरा धड असेल तर साधारण १७, कारण चांगल्या कानाचे टक्के पाचाने गुणून त्यात वाईट कानाचे मिळवतात आणि सहाने भागतात. अशा माणसाने हेलपाटे घालण्यात अर्थ नाही, आणि तिथे जो ‘करून देतो’ म्हणतो तो खोटे कागद देतो. खोट्या मार्गाने दिव्यांगांचा लाभ घेतल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पडताळणीत सापडतो तो कार्डावर नाव असलेला माणूस, एजंट तोवर दिसेनासा होतो.

आता तहसीलची बाजू. इथे तुमच्या अर्जात एक मोठी गोष्ट निसटली आहे. संजय गांधी योजनेत दिव्यांग हा एकच गट नाही. दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे, असा वेगळा गट आहे आणि त्या आजारांच्या यादीत क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग यांच्याबरोबर पक्षाघात नावानिशी आहे. म्हणजे ४० टक्के झाले नाहीत तरी वडिलांना एक मार्ग राहतो. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचा, आजार आणि काम करण्यास असमर्थता सांगणारा दाखला लागतो, टक्क्यांचा नाही.

मग सगळेच त्या गटातून का जात नाहीत? कारण उत्पन्नाची मर्यादा वेगळी आहे. दिव्यांगांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० पर्यंत चालते, इतर गटांना २१,००० च. आणि रक्कमही वेगळी: सगळ्यांना महिना १,५०० रुपये आहेत, दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. म्हणून आधी टक्क्यांसाठी अपील करा, ते फसले तर दुसरा गट. फॉर्मवर कोणत्या गटावर खूण केली ते मात्र स्वतः बघा. दिव्यांगाचा अर्ज दुसऱ्या गटात भरला गेला की २१,००० ची मर्यादा लावून तो बाद होतो. टेबलावरच्या माणसाने नियमाप्रमाणे केलेले असते, पण तुमचा हक्क जातो.

तुमचे ६०,००० दोन्ही मर्यादांच्या वर आहेत. यात मी तुम्हाला खोटे काही करायला सांगणार नाही. भाऊ खरोखर एकत्र राहत असेल, घर त्याच्या पगारावर चालत असेल, तर आज ही योजना लागू होत नाही. पण तो लग्न होऊन पुण्यात वेगळा राहत असेल, त्याचा संसार वेगळा असेल आणि फक्त शिधापत्रिकेवर नाव राहून गेले असेल, तर कागद वस्तुस्थितीच्या मागे पडला आहे. तो आधी सरळ करा. क्रम महत्त्वाचा आहे: पहिल्यांदा शिधापत्रिकेतून नाव कमी करून त्याची वेगळी पत्रिका, मग तलाठ्यांचा चौकशी अहवाल, मग उत्पन्नाचा नवा दाखला, आणि शेवटी योजनेचा अर्ज. लोक उलट करतात, दाखला आधी काढतात आणि जुन्या शिधापत्रिकेशी तो जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. तलाठी चौकशीला येतील तेव्हा जमीन किती, कोणाच्या नावावर, घरात कोण कोण जेवते हे विचारतील. घरातल्या सगळ्यांनी एकच आणि खरे सांगावे.

उत्पन्नाच्या दाखल्यावर मुदत लिहिलेली असते, बहुधा ३१ मार्च. फेब्रुवारीत दाखला काढून अर्ज दिला, समितीची बैठक एप्रिल-मे महिन्यात झाली, की दाखला शिळा. त्यामुळे वर्षाच्या शेवटी अर्ज देत असाल तर एप्रिलमध्ये नवा दाखला काढून फाइलला स्वतःहून जोडा.

बाकी अटी: वय १८ ते ६५, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य, आधार, वयाचा पुरावा, पासबुक, फोटो. यात अर्ज अडतो तो नावांमुळे. आधारवर ‘ज्ञानोबा’, शिधापत्रिकेवर ‘ज्ञानेश्वर’, पासबुकात ‘ज्ञानदेव’ असे एकाच माणसाचे तीन अवतार असतात. सगळे कागद एका ओळीत मांडा, नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख एकेक अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर आधार दुरुस्त करायचे की बाकीचे कागद, ते ठरवा, पण दुरुस्ती अर्ज देण्यापूर्वी करा.

परत आलेल्या अर्जाचे काय? नुसत्या ‘अपात्र’ या शब्दावर समाधान मानू नका. तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत लेखी कारण मागा. मिळाले नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तीही फी नाही. समितीच्या बैठकीचा तुमच्या प्रकरणापुरता निर्णय आणि तलाठ्यांचा अहवाल यांच्या प्रती मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. टक्के कमी म्हणून नाकारले की उत्पन्न जास्त म्हणून, हे कागदावर कळले नाही तर पुढचा अर्जही अंदाजानेच होईल. कारण दूर झाले की नव्याने अर्ज करता येतो, एकदा नाकारले म्हणजे कायमचे असे नाही.

मंजुरीनंतर पैसे अडतात ते बँकेमुळे. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होते. फॉर्मवर कोणता खाते क्रमांक लिहिला याला मग महत्त्व उरत नाही. वडिलांची दोन-तीन खाती असतील तर शेवटी ज्या बँकेत आधार सीडिंग (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, म्हणजे डीबीटीसाठी, खात्याला आधार जोडणे) झाले तिथे पैसे जातात, आणि पूर्वी कधीतरी कुणीतरी उघडून दिलेले खाते घरच्यांना आठवतही नसते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, ती आत्ताच पाहून घ्या. बँकेत जाताना ‘आधार लिंक आहे का’ असे विचारू नका, ‘डीबीटीसाठी सीडिंग याच खात्याला आहे का’ असे विचारा. केवायसीसाठी दिलेले आधार आणि हे सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उजव्या हाताचे ठसे उमटत नसतील किंवा वडिलांना बँकेपर्यंत नेणे शक्य नसेल, तर तेही शाखेत आधीच सांगून ठेवा.

वडिलांचे प्रमाणपत्र तात्पुरते आहे की कायमचे तेही बघा. पक्षाघातात सुधारणेची शक्यता असते, म्हणून बहुधा मुदत घातलेली असते. मुदत संपली की अनुदानही थांबू शकते, आणि सिव्हिलला पुन्हा नंबर लागायला वेळ जातो. मुदतीच्या तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करा. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिल्यामुळे नाव थांबले तर नवा अर्ज करत बसू नका, शाखेत जाऊन दाखला द्या आणि तेच प्रकरण पुन्हा सुरू करून घ्या.

आणखी एक: ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र झाले तर ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी राखलेल्या ५ टक्के निधीची चौकशी करा. तो स्थानिक संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नातून असतो, त्यामुळे लहान गावात रक्कम थोडी असते, पण संडासची खुर्ची किंवा वॉकर एवढ्यापुरती मदत होऊ शकते. ग्रामसेवकांकडे दिव्यांगांची नोंदवही असते, तिच्यात वडिलांचे नाव लावून घ्या.

पण आजच्या आज करायचे काम एकच: प्रमाणपत्रावरची तारीख पाहा आणि ९० दिवस मोजा. सोमवारी सिव्हिलला जाताना वडिलांना नेण्याची गरज नाही, अर्जाच्या दोन प्रती आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल. वाचा तपासणीची तारीख मिळाली की इथे कळवा, त्या दिवशी काय काय विचारतात ते सविस्तर लिहीन.